मोठा फ्यूज

एकदा एक गुरू आणि त्यांचा शिष्य, असं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लगेच वडाचं झाड उभं राहतं, पर्णकुटी दिसते, दारात हरणं चरू लागतात. या गोष्टीत त्यातलं काहीच नाही. इथला आश्रम पत्र्याच्या छपराचा होता. सांगलीकडच्या एका पेठेच्या गावात, टायरवाला आणि रसवंती यांच्या मधोमध तो उभा होता आणि तिथे मोटारींना आवाज बसवून मिळत असे. ज्ञान काही जागा बघून येत नाही, तेव्हा नाक न मुरडता ऐकावं.

गुरूंचं नाव दस्तगीर. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. त्यांचा शिष्य श्रेणिक, वयानं पस्तिशीकडे झुकलेला, एका मुलाचा बाप. हात कुशल, कान तयार, जिभेवर साखर. दोष म्हणाल तर एकच, दणक्याचा मोह. गाडीतला आवाज छातीवर आदळला नाही, तर त्याला तो आवाजच वाटत नसे.

दुकानात एका फळीवर उस्तादांचा स्वतःचा ॲम्प्लिफायर होता. ॲम्प्लिफायर म्हणजे स्पीकरला बळ पुरवणारा डबा. हा डबा उस्तादांना त्यांच्या उस्तादांनी अखेरच्या आजारात हातात दिला होता. रोज सकाळी दुकान उघडलं, की त्यावर सनई लागे आणि मगच पहिल्या गिऱ्हाइकाला चहा विचारला जाई. त्याच्यावरची धूळ उस्ताद स्वतः पुसत. श्रेणिकलासुद्धा त्याला हात लावायची मुभा नव्हती.

तर एका शुक्रवारी सकाळी हळदीचे एक व्यापारी आपली जुनी मोटार घेऊन दुकानाच्या दारात आले. गाडीत तसलाच जुना ॲम्प्लिफायर होता आणि मागच्या सीटवर खोक्यात एक कोरा करकरीत सबवूफर, म्हणजे खर्जाचा आवाज घुमवणारा मोठा स्पीकर.

"हा डबा बदलायचा नाही," व्यापारी म्हणाले. "माझ्या थोरल्या भावानं स्वतः बसवला होता. तो गेला. त्याचा हात लागलेली एवढीच वस्तू माझ्याकडे उरली आहे. आणि हा स्पीकर लेकीनं पहिल्या पगारातून आणलाय. तोही परत करायचा नाही. दोघांचं जमवून द्या, उस्ताद."

उस्तादांनी दोन्ही वस्तू निरखून पाहिल्या. "जमेल," ते म्हणाले. "पण घाई करू नका. संध्याकाळी न्या."

दुपारी नमाजाला निघताना त्यांनी श्रेणिकला बजावलं, "बेटा, खोका उघडून ठेव. जोडू मात्र नकोस. मी आलो की जोडू."

आता ज्याला दणक्याचा मोह, त्याच्यापुढे नवा सबवूफर ठेवून जाणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणं. उस्तादांची पाठ वळली आणि श्रेणिकनं पक्कड उचलली.

इथं थोडं कारागिरीचं सांगायला हवं. नव्या वूफरच्या पोटात तारेची दोन वेटोळी होती. त्यांना कॉइल म्हणतात. दोन्ही कॉइल शेजारी शेजारी जोडल्या, की दोन्ही एकाच वेळी ॲम्प्लिफायरकडून बळ ओढतात आणि आवाज दणकून येतो. एकीमागून एक अशा रांगेत जोडल्या, तर ओढ कमी होते आणि आवाज थोडा सौम्य येतो. नव्या जमान्याचे ॲम्प्लिफायर पहिल्या जोडणीला पुरून उरतात. न सोसलं तर ते आपणहून बंद पडतात, कारण तशी सोय त्यांच्यात करूनच ठेवलेली असते. जुन्यांमध्ये ती सोय नाही. त्यांच्याकडे एक छोटासा फ्यूज तेवढा असतो.

श्रेणिकनं अर्थातच शेजारी शेजारी जोडलं. गाणं लावलं. गाडीच्या काचा थरथरल्या, शेजारच्या रसवंतीतले पेले किणकिणले, टायरवाला टाळ्या पिटत बाहेर आला. श्रेणिकला धन्य धन्य वाटलं. आणि मध्येच फट् करून फ्यूज उडाला.

आपल्याकडच्या कारागिराला फ्यूज उडाला की काय सुचतं, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. श्रेणिकनं डबीतून त्याहून मोठा फ्यूज काढला आणि त्या जागी बसवला. आता उडत नव्हता. पेले पुन्हा किणकिणू लागले.

तेवढ्यात उस्ताद परतले. त्यांनी गाणं बंद केलं, वाकून जोडणी पाहिली, मग फ्यूज पाहिला. ते रागावले असते तर श्रेणिकला बरं वाटलं असतं. पण त्यांनी व्यापाऱ्याचा ॲम्प्लिफायर हळूच सोडवला, गाडीतून काढला आणि टेबलावर फडक्यावर ठेवला.

"उस्ताद, सोसतंय की त्याला," श्रेणिक म्हणाला. "जुना माल आहे. दणकट असतो."

"सोसतंय?"

"न सोसायला काय झालं? आवाज बघा की कसा येतोय!"

एवढ्यात दारात स्कूटर थांबली. श्रेणिकचे वडील डबा घेऊन आले होते. त्यांना सगळे आप्पा म्हणत. नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेला हा सडपातळ माणूस रोज दुपारी लेकासाठी घरचं गरम जेवण आणत असे. पूर्वी सायकलवरून आणायचे. दिवाळीच्या सुमारास ते एकदा सहज म्हणाले होते, "अलीकडं गुडघा जरा धरतोय बघ." लेक दोघेही प्रेमळ. श्रेणिकनं आणि धाकट्या भावानं, सन्मतीनं, मिळून लगोलग बापाला विजेवर चालणारी स्कूटर घेऊन दिली. गावभर त्यांचं कौतुक झालं.

"आप्पा, बसा. चहा घ्या," उस्ताद म्हणाले.

"नको, दस्तगीर. सन्मतीचा फोन आला होता. त्याच्या दुकानचा माल ट्रान्सपोर्टला आलाय, सोडवून आणायचाय."

"आप्पा, तिकडं चाललाच आहात तर पेठेतून जाड तारेचं एक बंडल आणता का?" श्रेणिक डोकं वर न करताच म्हणाला. "आणि संध्याकाळी पोराला शिकवणीवरून आणा. मला उशीर होणार."

"बरं, आणतो की."

उस्ताद आप्पांच्या चेहऱ्याकडे बघत होते. दोघे म्हातारे एकमेकांची थट्टा करण्यात पटाईत. आप्पांचा जन्मभराचा नेम होता, दिवस मावळल्यावर अन्न घ्यायचं नाही. पाण्याची तेवढी सूट. रमजान आला की उस्ताद म्हणत, "तुम्ही मावळायच्या आत जेवणार, आम्ही मावळल्यावर. आपल्या दोघांची पंगत कधी बसायची?" आज मात्र त्यांनी थट्टा केली नाही.

"आप्पा, संध्याकाळचं ताट वेळेवर मिळतं ना?"

आप्पा हसले. "चाललंय," म्हणाले आणि स्कूटरवर बसून निघून गेले. श्रेणिकनं हे ऐकलं, पण त्याचं लक्ष तारेत होतं.

स्कूटर वळणाआड गेली. उस्ताद उठले, फळीपाशी गेले आणि आपला ॲम्प्लिफायर त्यांनी खाली उतरवला.

श्रेणिकच्या हातातली पक्कड खाली पडली. इतक्या वर्षांत तो डबा फळीवरून हललेला त्यानं पाहिला नव्हता.

"उस्ताद, हे काय करताय?"

"तू म्हणालास, सोसतंय. गिऱ्हाइकाच्या वस्तूवर प्रयोग करायचा नसतो. आपल्या वस्तूवर करायचा." त्यांनी कोपऱ्यातला दुकानाचा नमुन्याचा सबवूफर ओढून घेतला. तोही दोन कॉइलचाच होता. "घे. जोड. मघाशी जोडलंस तसंच. आणि फ्यूजही तोच टाक. तुझा मोठा."

"उस्ताद, राहू द्या. चुकलं माझं. मी परत..."

"जोड म्हणतो ना."

श्रेणिकनं जोडलं. उस्तादांनी स्वतः बटण फिरवलं. पत्र्याच्या छपराखाली तोच दणका घुमला. उस्तादांनी रसवंतीतून रस मागवला, स्टुलावर बसले आणि शांतपणे घोट घेत ऐकू लागले.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "हात लाव."

श्रेणिकनं डब्यावर तळवा टेकवला आणि चटकन मागे ओढला. तव्यावर हात पडावा तसं झालं.

"उस्ताद, तापलाय! बंद करतो."

"का? आवाज तर चांगला येतोय."

"पण जळेल ना!"

"तक्रार केली का त्यानं? आवाज फाटला? कमी झाला?" उस्तादांनी पेला खाली ठेवला. "मग? सोसतंय की."

श्रेणिक बटणाकडे झेपावला. उस्तादांनी त्याचं मनगट धरलं. त्या म्हाताऱ्या हातात एवढी ताकद असेल, असं त्याला कधी वाटलं नव्हतं. तो बघत राहिला. आवाज खरोखरच उत्तम येत होता. भरदार, घुमणारा. डब्याच्या फटीतून धुराची बारीक रेघ निघाली तेव्हाही आवाज तसाच होता. जळक्या वार्निशचा वास दुकानभर पसरला आणि आवाज तसाच. आणि मग, गाण्याच्या ऐन मध्यात, सगळं थांबलं.

शेजारचा टायरवाला डोकावून म्हणाला, "काय झालं? चांगलं चाललं होतं की!"

जिच्यावरची धूळ पुसायलाही श्रेणिकला परवानगी नव्हती, ती वस्तू गुरूनं त्याच्याच हातून जाळून घेतली होती. त्याला ओरडावंसं वाटत होतं. त्याला रडूही येत होतं. उस्तादांना वेड लागलं की काय, असाही एक विचार त्याच्या मनात येऊन गेला.

"हे काय केलंत?" अखेर तो म्हणाला. "तुमच्या उस्तादांची खूण होती ती! मला तोंडानं सांगितलं असतंत तर कळलं नसतं का?"

"तोंडानं किती वर्षं सांगतोय?" उस्तादांचा आवाज मऊ होता, पण त्यांचे डोळे भरले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत. "भंगारातला डबा जाळला असता, तर तू झाडून बाहेर टाकला असतास आणि उद्या विसरला असतास. ऐक बेटा. नव्याला 'नाही' म्हणता येतं. न सोसलं तर ते बंद पडतं, आपलं काम अडतं, आपण शिव्या देतो, पण ते वाचतं. जुन्याला 'नाही' म्हणता येत नाही. जेवढं मागशील तेवढं ते देत राहतं, आणि शेवटपर्यंत चांगलंच देतं. म्हणून जुन्याचा हालहवाल कानाला कळत नाही, हात लावून बघावा लागतो. त्याला नाही म्हणायला एकच तोंड असतं, तो एवढासा फ्यूज. तो आज तुझ्याशी बोलला होता. मला पुरत नाही, असं स्वच्छ म्हणाला होता. आणि तू काय केलंस? मोठा फ्यूज टाकलास. वर तुला वाटलं, दुरुस्ती केली."

श्रेणिकनं जळक्या डब्यातला मोठा फ्यूज उपसून काढला.

"स्पीकर वाईट नाही," उस्ताद म्हणाले. "लेकीनं हौसेनं आणलाय. डबाही वाईट नाही. मागायची रीत चुकली. एकदम मागू नये, एकामागून एक मागावं. चल, आता जोड."

त्यांनी व्यापाऱ्याचा डबा पुन्हा गाडीत बसवला. श्रेणिकनं या वेळी कॉइल रांगेत जोडल्या, मूळ मापाचा फ्यूज टाकला आणि आवाजाचं बटण आखडतं ठेवलं. गाणं लागलं. दणका नव्हता. खर्ज मात्र स्वच्छ होता, कुणी शेजारच्या खोलीत बसून गुणगुणावं तसा. श्रेणिकनं दर थोड्या वेळानं डब्यावर हात ठेवून पाहिला. तो कोमट होता.

व्यापारी आले, सीटवर बसले, ऐकत राहिले. "दादा असाच हळू लावायचा," ते म्हणाले आणि रुमालानं तोंड पुसू लागले. टेबलावरचा जळका डबा कुणाचा, हे त्यांनी विचारलं नाही आणि उस्तादांनी सांगितलं नाही.

ते गेल्यावर उस्ताद श्रेणिकला म्हणाले, "आज तू घरी जा. उजेड आहे तोवर पोचशील असा जा."

"तार यायचीय, उस्ताद. आणि हा पसारा..."

"पसारा मी बघतो. जा म्हणतो ना."

घरी उजेडात पोचण्याची श्रेणिकला सवयच राहिली नव्हती. एरवी तो परते तेव्हा आप्पा निजलेले असत. आज समोरच्या घराच्या भिंतीवर अजून ऊन होतं. बायको, त्रिशला, दार उघडून बघतच राहिली.

"बरं वाटत नाही का?"

"बरं आहे. आप्पा कुठायत?"

"भाऊजींचा माल सोडवायला गेले होते. मग तुमची तार. तिथून शिकवणीवर. येतील."

श्रेणिक ओट्यावर बसला. स्वयंपाकघरात पाटासमोर एक ताट झाकून ठेवलेलं त्याला तिथून दिसत होतं. समोरच्या भिंतीवरचं ऊन वर सरकत सरकत पत्र्यावर गेलं, पत्र्यावरून नाहीसं झालं. दिवे लागले. मग नातवाला मागे बसवून, पायांपाशी तारेचं बंडल ठेवून आप्पा आले. त्यांनी मुलाला उतरवलं, हातपाय धुतले, एकवार आभाळाकडे पाहिलं, तांब्याभर पाणी पिऊन घेतलं आणि खाटेवर जाऊन बसले.

त्रिशलानं झाकलेलं ताट उचललं आणि त्यातल्या भाकरी परत टोपल्यात ठेवल्या. रोजचं काम करावं तशा सहजपणे.

श्रेणिक ताडकन उठला. "अगं, आप्पांचं ताट..."

"दिवस मावळला की."

"म्हणजे ते आज उपाशी झोपणार?"

त्रिशलानं त्याच्याकडे नवलानं पाहिलं. "आज? अहो, दिवाळीपासून असंच चाललंय. ती स्कूटर आली आणि दोघांचीही कामं त्यांच्यावर पडली, तेव्हापासून. आठवड्यातून एखाद्या दिवशी उजेडात पोचतात, तेव्हा जेवतात."

श्रेणिकनं मनात महिने मोजले. थंडी गेली होती, उन्हाळा सुरू झाला होता. "आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"मी सांगणारच होते. त्यांनी हात जोडले माझ्यापुढे. म्हणाले, पोरं कामात असतात, त्यांना नाही म्हटलं तर वाईट वाटेल." तिचा आवाज चढला. "आणि तुम्ही कधी विचारलंत का? रोज दुपारी ते तुमचं जेवण घेऊन यायचे तुमच्यापर्यंत!"

अंगणात स्कूटर उभी होती. गुडघा धरतोय, असं आप्पा म्हणाले होते. जन्मात एकदाच म्हणाले होते. आणि दोघा भावांनी कौतुकानं, गाजावाजा करून, हार घालून ही गाडी आणली होती. श्रेणिकनं ती पाहिली आणि त्याच्या तोंडून शब्द निघून गेला, "मोठा फ्यूज."

"काय?" त्रिशलानं विचारलं.

तो खाटेपाशी गेला. आप्पा भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते. कुणी जवळ आलेलं कळताच त्यांनी डोळे उघडले आणि नेहमीसारखे हसले. "तार बरोबर आहे का बघ. त्यानं दोन मापं दाखवली होती."

श्रेणिकनं तारेकडे पाहिलं नाही. त्यानं वडिलांचा हात हातात घेतला. कित्येक वर्षांत त्यानं हा हात धरला नव्हता. पंजा तापलेला होता. मनगट एवढंसं झालं होतं. आणि तो हात थरथरत होता, आतून, बारीक, थांबत नव्हता. चेहरा मात्र अगदी हसरा.

"आप्पा, का नाही बोललात?"

"काय बोलायचं? चाललंय की."

त्या रात्री आप्पांबरोबर श्रेणिकही जेवला नाही. त्यानं सन्मतीला बोलावून घेतलं. ओट्यावर भाऊ भाऊ बोलत बसले, पहिल्यांदा एकमेकांवर आवाज चढवून आणि मग खालच्या मानेनं. आपण दोघे एकाच माणसाकडून एकाच वेळी ओढतो आहोत, हे दोघांपैकी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. ज्याला त्याला वाटे, आपलं काम ते केवढंसं. मालाला हमाल मिळतो, डबा स्वतः नेता येतो, शिकवणीवरून पोराला बाप आणू शकतो, हे शोधून काढायला त्यांना फार डोकं चालवावं लागलं नाही.

सकाळी श्रेणिक दुकानात गेला तेव्हा सनई लागली नव्हती. जळका डबा पुसून पुन्हा फळीवर ठेवला होता. श्रेणिकनं आपला जेवणाचा डबा खुंटीला अडकवला. तो त्यानं स्वतः आणला होता. उस्तादांनी डब्याकडे पाहिलं आणि मान हलवली. मग दोघे कामाला लागले.

संध्याकाळी समोरच्या भिंतीवर ऊन असतानाच आप्पांपुढे ताट वाढलं गेलं. ते संकोचून इकडे तिकडे बघू लागले.

"आज कुठं जायचं नाही का रे?"

"नाही, आप्पा. जेवा."

आप्पा सावकाश जेवले. भाकरी संपली तरी हात ताटातच होता. त्यांनी खिडकीतून उजेडाचा अंदाज घेतला, मग सुनेकडे पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात, चूक केल्यासारखं विचारलं, "अजून अर्धी आहे का गं?"

त्या घरात आप्पांनी काही मागितल्याचं कुणाला आठवत नव्हतं. श्रेणिक स्वतः उठला आणि त्यानं टोपल्यातली अख्खी भाकरी आणून वाढली.